आईबाबांचा कोथरूडचा फ्लॅट विकायचा आहे. लोक येतात, बघतात आणि परत फिरतात. घर कसं तयार करू?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आईबाबांचं दोन बेडरूमचं घर आहे. १९९४ ची तीन मजली इमारत, आमचं घर सगळ्यात वर, लिफ्ट नाही. बाबा दीड वर्षापूर्वी गेले. आईला आता तीन जिने झेपत नाहीत, म्हणून तिला माझ्याकडे नाशिकला आणायचं आणि हे घर विकायचं असं आम्ही दोघा भावंडांनी ठरवलं. धाकटा भाऊ अमेरिकेत असतो.

गणपतीनंतर घर दाखवायला सुरुवात केली. आतापर्यंत अकरा जण येऊन गेले. प्रत्येक जण दहा मिनिटांत "कळवतो" म्हणतो आणि पुढे काहीच होत नाही. परवा मी स्वतः तिथे होते. एक जोडपं आलं होतं. ती बाई आतल्या खोलीत गेली, कपाटाच्या कडेला भिंतीवर हात ठेवला, नवऱ्याकडे बघितलं आणि दोघं निघाले. तिथे भिंतीला ओल आहे. ताटाएवढा डाग आहे, रंगाचे पोपडे सुटलेत.

आमचे एजंट म्हणाले, "ताई, त्यावर पीव्हीसी पॅनेल मारून घ्या, दोन दिवसांचं काम आहे, कुणाला कळणार नाही." मला ते पटत नाही. बाबांनी आयुष्यात कुणाला खोटा हिशेब दाखवला नाही. त्यांचं घर असं विकायचं नाहीये मला. पण घर विकलंही गेलं पाहिजे, आईला अजून एक पावसाळा तिथे एकटीने काढायला लावायचा नाही.

प्रश्न असे आहेत:
ओलीचं काय करू? सगळं घर रंगवू का? स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आहे, तो काढून ग्रॅनाइट आणि ट्रॉल्या करून घेतल्या तर भाव चढेल का? माळ्यावर तीस वर्षांचं सामान आहे, ते कसं आवरायचं? आणि आई अजून तिथेच राहते. लोक बघायला येतात तेव्हा तिला फार अवघडायला होतं. ती मला विचारते, "येणाऱ्यांना चहा करायचा का गं?" याला काय उत्तर देऊ, तेही सुचत नाही.

---

ओळंबा

ताई, मी स्थापत्य अभियंता, पस्तीस वर्षं बांधकामावर काढली. पॅनेल लावू नका. तुमचं मन सांगतंय तेच बरोबर आहे. पॅनेलमागे ओल तशीच वाढत राहते आणि पहिल्याच पावसाळ्यात कुबट वास बाहेर येतो.

आधी ओल कुठून येते ते शोधा. सगळ्यात वरचा मजला म्हणजे वरच्यांच्या बाथरूमचा प्रश्न नाही. उरले तीन संशयित: गच्ची, बाहेरच्या भिंतीच्या भेगा आणि भिंतीलगत उतरणारे पाइप. कपाट बाजूला ओढा. डाग छताकडून खाली उतरलाय का, मध्येच आहे का, की फरशीकडून वर चढलाय, ते नीट बघा. छताजवळ असेल तर गच्चीवर त्याच जागी जाऊन पॅरापेटचा (कठड्याचा) आणि स्लॅबचा सांधा तपासा. तिथली गोलाई (आम्ही वाटा म्हणतो) फुटली असेल तर पाणी नेमकं तिथूनच शिरतं. मध्येच डाग असेल तर बाहेरून पाइपाचे जोड बघा.

घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी सांगतो. वीतभर लांबीरुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा डागावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला घाम आला तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला आला तर खोलीतली दमट हवा भिंतीवर बसतेय, मग कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवून खिडकी उघडी ठेवली की बऱ्याचदा काम भागतं.

गच्चीची किंवा बाहेरच्या पाइपाची गळती निघाली तर तो खर्च सोसायटीचा आहे. सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींत (नियमांत) तसं स्पष्ट आहे. घराच्या आतल्या नळ-संडासाची गळती सभासदाची, पावसाचं आणि सामाईक पाइपाचं पाणी सोसायटीचं. सेक्रेटरींना फोन करून थांबू नका, फोटो लावून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तो कागद पुढे विकतानाही उपयोगी पडेल.

दुरुस्तीनंतर लगेच पुट्टी मारायची नाही. रंगारी घाई करतील. भिंत खरवडून विटेपर्यंत मोकळी करा आणि तीन-चार आठवडे वाळू द्या. ओल्या भिंतीवर पुट्टी बसली की आतला क्षार बाहेर येतो, पांढरा लोणा फुटतो आणि पैसे पाण्यात जातात.

---

कर्वेनगरकर

मी याच भागात घरांची खरेदी-विक्री करून देतो, म्हणून एजंटच्या बाजूनेही बोलतो. तुमच्या एजंटने दिलेला सल्ला चुकीचा आहे. ओल लपवून दिलेलं घर शेवटी आमच्याच गळ्यात येतं.

ओट्याचं विचारलंत. अजिबात करू नका. तीस वर्षं जुन्या इमारतीत घर घेणारा माणूस स्वयंपाकघर आपल्या मनासारखं करायचं हे ठरवूनच येतो. तुम्ही लाख-दीड लाख घालून लाल ट्रॉल्या बसवाल, त्याला पांढऱ्या हव्या असतील. तो मनात तुमच्या किमतीतून तोडफोडीचा खर्चच वजा करेल. कडप्पा असू दे, पण स्वच्छ हवा. ओटा घासा, भिंतीच्या टाइल्सच्या सांध्यांतला काळा तेलकट थर काढून पांढरा सिमेंट भरा, गळका नळ बदला, चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा धुऊन घ्या. एवढ्यानं स्वयंपाकघर दहा वर्षांनी तरुण दिसतं.

पैसे घालायचेच असतील तर फरशीत घाला. १९९४ चं घर म्हणजे मोझाइक टाइल्स असणार. त्यांना मशीन पॉलिश करून घ्या. ती फरशी टिकाऊ असते आणि पॉलिश झाली की तिच्यातले खडे उठून दिसतात. फक्त क्रम चुकवू नका: आधी नळ आणि वायरिंग, मग ओल, मग फरशी, त्यानंतर रंग. पॉलिशचा चिखल भिंतीवर वीतभर उडतो. रंग आधी दिलात तर परत द्यावा लागेल.

आता पौष लागेल. पौषात बघायला येणारे कमी आणि व्यवहार करणारे त्याहून कमी. तो महिना कामाला वापरा. माघात घर तयार ठेवा, म्हणजे गुढीपाडव्याला व्यवहार करू म्हणणारी गिऱ्हाइकं सापडतील.

आणखी एक. घर किती एजंटांकडे दिलंय? एकच घर चार एजंटांनी चार वेगवेगळ्या किमतींना संकेतस्थळांवर टाकलेलं मी रोज बघतो. घेणाराही बघतो. त्याला वाटतं मालकाची निकड आहे, आणि तो सगळ्यात खालच्या आकड्यापासून बोलायला सुरुवात करतो.

---

गोदाकाठ

@कर्वेनगरकर, तीन एजंटांकडे दिलंय. आत्ता तपासलं, खरंच तीन किमती आहेत. एकाने तर कार्पेटऐवजी (घराच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा) सुपर बिल्टअप (जिना वगैरे सामाईक जागा धरून) टाकून ठेवलंय. आजच सगळ्यांना काढायला सांगते.

---

घरशोध

मी गेल्या वर्षी घर घेतलं. त्याआधी कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता मिळून चौतीस घरं बघितली. घेणाऱ्याच्या डोळ्यांना काय दिसतं ते लिहिते, उपयोग होईल.

घर दारात सुरू होत नाही, जिन्यात सुरू होतं. तिसऱ्या मजल्यावर चढून धाप लागलेली असते, आणि समोर चपलांचा ढीग, मोडकं स्टँड, वाळलेली तुळस, बंद पडलेला दिवा दिसला की निम्मा उत्साह तिथेच जातो. आपल्या जिन्यातला दिवा चालू करा. कुलूप किंवा लॅच अडकत असेल तर तेल घाला. एका घरात मालक पाच मिनिटं किल्लीशी झटत होते आणि आम्ही बाहेर उभे होतो. आत गेल्यावर ते घर मला आवडलंच नाही, आणि कारण ती किल्ली होती हे मला नंतर कळलं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा येतो तो वास. डांबराच्या गोळ्या, कुबट कपाट, आणि ते झाकायला लावलेली उग्र उदबत्ती. झाकलेला वास लगेच कळतो. तासभर आधी सगळ्या खिडक्या उघडा, बस्स.

मग उजेड. जुन्या घरांत जाड पडदे, ग्रिलमध्ये कुंड्या, डबे, सायकलचं चाक, काय काय असतं. ते काढा आणि काचा दोन्ही बाजूंनी पुसा. तुमचं घर सगळ्यात वर आहे, उजेड आणि वारा हीच त्याची श्रीमंती. लिफ्ट नाही ही गोष्ट बदलता येत नाही, पण डोक्यावर कुणाची धाडधाड नाही, हे घेणाऱ्याला जाणवू द्या. बाल्कनी पूर्वेला असेल तर सकाळी नऊ ते अकरा घर दाखवा, पश्चिमेला असेल तर दुपारनंतर. आमच्या घराला मी हो म्हटलं ते सकाळी दहा वाजता, जमिनीवर खिडकीच्या गजांची सावली पडली होती तेव्हा.

मी प्रत्येक घरात नळ सोडून बघायचे, फ्लश ओढायचे आणि प्रत्येक खिडकी उघडून बंद करायचे. तुम्ही आधीच हे करून बघा. जे अडेल ते दुरुस्त करा.

आणि घर दाखवताना मागे मागे फिरू नका. "ही बेडरूम, हे बाथरूम" हे दिसतंच. एकदा सगळं दाखवा आणि मग त्या नवरा-बायकोला पाच मिनिटं एकटं सोडा. पलंग कुठे, देव्हारा कुठे, मुलाचं टेबल कुठे, हे बोलायला त्यांना एकांत लागतो. ते बोलणं सुरू झालं म्हणजे घर त्यांच्या मनात शिरलं.

---

डोंबिवलीकर

बाकी सगळं मान्य, पण घर रिकामं करावं की सामानासकट दाखवावं, यावर वेगळं मत देतो. आम्ही भावाचा फ्लॅट पूर्ण रिकामा करून दाखवला. लोकांना तो लहान वाटायचा. रिकाम्या खोलीत डबल बेड मावेल का याचा अंदाज येत नाही, आणि भिंतीवरचे खिळे, फोटोंच्या मागचे चौकोनी डाग तेवढे डोळ्यांत भरतात. शेवटी एक पलंग, एक छोटं टेबल आणि दोन खुर्च्या परत आणून ठेवल्या. त्यानंतर लोक थांबायला लागले.

तेव्हा निम्मं सामान काढा, सगळं नको. लोखंडी कपाटं दोन असतील तर एक ठेवा. पलंगाखालचं सगळं काढा. कोपरे मोकळे दिसले की खोली मोठी वाटते.

---

दस्तऐवज

वकील आहे, म्हणून कागदांचं लिहितो. भिंतीइतकीच फाइलही तयार लागते. किती तरी घरं आवडूनही केवळ कागदांपायी हातची जातात.

पहिला मुद्दा वारसांचा. घर वडिलांच्या एकट्याच्या नावावर होतं का? सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आईंचं नाव नॉमिनी म्हणून असेल, तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि भाऊ तिघंही समान वारस. दोन मार्ग आहेत. एक, तुम्ही दोघं आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा आणि आई एकटी विकेल. दोन, तिघंही विकणारे म्हणून सही करा. भाऊ अमेरिकेत आहे, तेव्हा दोन्ही मार्गांना त्याचं कुलमुखत्यारपत्र लागेल. ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. हे आजच सुरू करा, याला रंगकामापेक्षा जास्त वेळ जातो.

करातही फरक पडतो. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस (किमतीतूनच कापून सरकारात भरायचा कर) कापायचा असतो. पण तो नियम निवासी, म्हणजे भारतात राहणाऱ्या विक्रेत्याला. अनिवासी भाऊ विक्रेता राहिला तर त्याच्या हिश्शावर वेगळ्या आणि बऱ्याच चढ्या दराने कपात होते. पुष्कळ गिऱ्हाइकं त्या कटकटीला घाबरूनच मागे सरतात.

फाइलमध्ये ठेवा: मूळ करारनामा आणि सूची क्रमांक दोन (दस्तनोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), शेअर सर्टिफिकेट, पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवटा पत्र, मिळकतकराची चालू पावती, वीजबिल, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, आणि कर्ज काढलेलं असेल तर बँकेचं कर्जफेडीचं पत्र. सोसायटीचं अभिहस्तांतरण (जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का तेही विचारून ठेवा, जाणता घेणारा पहिल्या पाच प्रश्नांत ते विचारतो. सोसायटी हस्तांतरणासाठी जास्तीत जास्त २५ हजार रुपये अधिमूल्य (प्रीमियम) घेऊ शकते. विकास निधी, देणगी अशा नावांखाली त्याहून जास्त मागितलं तर नम्रपणे शासनाचा नियम दाखवा.

या सगळ्याच्या प्रती येईल त्याला वाटू नका. घर बघायला आलेल्याला मूळ कागद समोर बसून दाखवा, प्रती विसार घेतल्यावर द्या.

आता ओलीबद्दल. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याचं कलम ५५ बघा. घेणाऱ्याला साध्या काळजीनं कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्यानं सांगितलाच पाहिजे. पॅनेलमागची ओल हे त्याचं अगदी सरळ उदाहरण. तुम्हाला जे पटत नाहीये, ते कायद्यालाही पटत नाही.

---

ओळंबा

दस्तऐवज यांच्याशी शंभर टक्के सहमत. पुढे जाऊन सांगतो, दुरुस्तीचे आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवा, बिल त्याच फाइलला लावा. दोष होता, कारण हे होतं, असा दुरुस्त केला. एवढं दाखवणारा विक्रेता मी क्वचित बघितलाय, आणि बघितला तेव्हा घेणाऱ्याचा चेहरा सैल झालेलाही बघितलाय.

---

हिशेबवही

करसल्लागार आहे, थोडक्यात लिहिते. घर विकून होणाऱ्या नफ्यावर कर लागतो. तो काढताना वारसाहक्कानं आलेल्या घराला वडिलांची खरेदीची तारीख आणि वडिलांचीच किंमत धरतात. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असल्यानं त्या दिवशीचं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येतं, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल करून घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी दोन्ही पद्धतींनी हिशेब करता येतो: इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार खरेदी किंमत न वाढवता) साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशनसह वीस टक्के, ज्यात कर कमी बसेल तो. जुन्या घराला दोन्ही मांडून बघाच. रंगकाम वगैरे देखभालीचा खर्च सुधारणेत धरत नाहीत, हे आधीच सांगते, नंतर वाईट वाटायला नको.

आणि थोडी रक्कम रोखीत द्या-घ्यायची भाषा कुणी केली तर तिथेच थांबवा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानं मना आहे आणि दंड रोख स्वीकारणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, तेवढ्याच रकमेचा होतो.

---

आजोळ

गोदाकाठ, बाळा, सगळ्यांनी भिंतीचं आणि कागदांचं सांगितलं. मी तुझ्या आईबद्दल लिहिते, कारण सहा वर्षांपूर्वी मीही सदाशिव पेठेतलं घर सोडलं.

माळा आवरताना तिला खाली खुर्चीवर बसव आणि एकेक वस्तू तिच्या हातात दे. "हे टाकू?" असं विचारू नकोस. "हे कुणाला देऊ?" असं विचार. टाकायचं म्हटलं की जीव तुटतो, द्यायचं म्हटलं की हात मोकळा होतो. माझा पितळी बंब भाच्यानं नेला, पाट-चौरंग कामवाल्या बाईंच्या मुलीच्या लग्नात गेले. कुणालाच नको असलेलं लोखंड आणि जुन्या वस्तू जुन्या बाजारात गेल्या, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त आवराआवर करू नका. मला तिसऱ्या तासाला रडू यायचं.

देव शेवटपर्यंत राहू देत. देव्हारा हलवायची घाई नको. फक्त चांदीची भांडी आणि टाक आत ठेवा, अनोळखी माणसं घरात येतात. जाहिरातीसाठी फोटो काढताना भिंतीवरची नावं, दारावरची पाटी, किल्ल्या येऊ देऊ नका.

आणि चहाचं. करू दे तिला चहा. पण घर बघून झाल्यावर, आवडलंय असं वाटलं तरच. येईल त्याला चहा करत राहिली तर दमेल, आणि न आवडलेला माणूसही चहासाठी अवघडून बसेल. शक्यतो शनिवार-रविवारी दोन तास नेमून द्या, सगळ्यांना त्याच वेळी बोलवा. बाकीचे पाच दिवस ते घर तिचं असू दे.

---

गोदाकाठ

@आजोळ, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बंब आपल्याकडेही आहे, तुझ्या मावशीला विचार." तिने पहिल्यांदाच स्वतःहून एखादी वस्तू काढली.

@ओळंबा, प्लॅस्टिक लावलंय. कपाट ओढलं तर डाग छतापासून खाली आलेला दिसतोय. गच्चीवर जाऊन आले, पॅरापेटच्या कडेची ती गोलाई हाताने उचलून निघते इतकी सुटलीय. सोसायटीला अर्ज दिला, पोच घेतली.

@दस्तऐवज, भावाशी बोलले. तो हक्कसोडपत्राला तयार आहे.

---

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितोय. गेल्या वर्षी नाशिकचं वडिलोपार्जित घर इथे बसून विकलं. तुमच्या भावाला सांगा, कुलमुखत्यारपत्राचा मसुदा आधी पुण्याच्या वकिलांकडून तपासून घ्या, मगच सही करा. माझ्या मसुद्यात फ्लॅटचा क्रमांक होता पण सिटी सर्व्हे नंबर (जमिनीचा सरकारी नोंदीतला क्रमांक) राहिला होता. सगळं पुन्हा करावं लागलं आणि पाच आठवडे गेले. तोपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं.

---

कर्वेनगरकर

किमतीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून परत आलो. नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्या भागातले नोंदलेले व्यवहार बघता येतात. आपल्याच गल्लीत दोन वर्षांत काय दरानं घरं गेली ते काढा. जाहिरातीतला भाव हा मागणाऱ्याचा असतो, दस्तातला भाव दिलेला असतो. लिफ्ट नसलेलं घर आणि लिफ्ट असलेलं घर यांची तुलना करू नका. आणि कार्पेट स्वतः टेपनं मोजा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. जुन्या करारनाम्यात बिल्टअप (भिंतींची जाडी धरून) असतं, घेणारा कार्पेट विचारतो. आकडा ठामपणे सांगता आला पाहिजे.

---

गोदाकाठ

(सात आठवड्यांनंतर)

मंडळी, धागा वर काढते, तुम्हाला सांगायलाच हवं.

सोसायटीनं आधी खळखळ केली. ओळंबांनी सांगितल्याप्रमाणे लेखी अर्ज आणि फोटो होते म्हणून मासिक सभेत विषय घ्यावा लागला. पॅरापेटचं काम झालं, आमच्या बाजूचे पाइपाचे दोन जोडही बदलले. आतली भिंत विटेपर्यंत खरवडून पूर्ण सव्वीस दिवस उघडी ठेवली. रंगारी दर चार दिवसांनी फोन करायचा, "आता मारू का पुट्टी?" मी नाही म्हणत राहिले.

फरशीला पॉलिश केलं. मला आठवतं तेव्हापासून ती फरशी मळकट राखाडी होती. तिच्यात हिरवे आणि विटकरी खडे आहेत हे मला चाळीसाव्या वर्षी कळलं. आई हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "आम्ही राहायला आलो तेव्हा अशीच होती."

रंग सगळीकडे एकच दिला, फिकट मोतिया. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर नातवंडांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, तारखांसकट. रंगारी थांबला आणि आईला विचारलं. आईनं माझ्याकडून फोटो काढून घेतला, मग स्वतःच म्हणाली, "दे रंग."

ओट्याला हात लावला नाही. फक्त सांधे भरले आणि नळ बदलले. ग्रिलमधल्या एकोणीस कुंड्यांपैकी चार ठेवल्या.

एकाच एजंटकडे घर दिलं, पॅनेलचा सल्ला देणाऱ्यांकडे नाही. शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. पहिल्या शनिवार-रविवारी पाच जण आले. त्यातलं एक जोडपं सोमवारी परत आलं, बरोबर आईवडील होते. त्यांनी भिंतीचा विषय काढायच्या आत मीच फाइल उघडली, फोटो दाखवले, सोसायटीचा अर्ज आणि बिल दाखवलं, आणि म्हटलं, "दुरुस्तीनंतर अजून पावसाळा गेलेला नाही, तेवढं तुम्ही धरून चला." त्या मुलीच्या वडिलांनी भिंतीवर हात फिरवला, बराच वेळ. मग त्यांनी किमतीचं विचारलं.

आम्ही मागितलं होतं त्यापेक्षा थोडं कमी झालं. मला त्याचं दुःख नाही. विसार झाला, विसारपावती मुदती घालून लिहिली. हक्कसोडपत्र नोंदवलं गेलंय. @सातासमुद्रापार, मसुदा आधी तपासून घेतला, सिटी सर्व्हे नंबर खरंच राहिला होता! तुमचे फार आभार. खरेदीखत गुढीपाडव्याच्या आठवड्यात.

---

आजोळ

चहा केला का आईनं?

---

गोदाकाठ

केला. त्या सोमवारी, सगळ्यांना, आलं घालून.

---

ओळंबा

अभिनंदन ताई. ताबा देताना वीजमीटर आणि पाण्याचा मीटर असेल तर त्याचं रीडिंग दोघांच्या सहीनं लिहून ठेवा, फोटो काढा. गॅस जोडणी तुमच्या नावावर आहे ती बंद करा किंवा नाशिकला वर्ग करा. आणि घरातल्या व्हॉल्व्हच्या जागा त्यांना दाखवा, नव्या माणसाला रात्री नळ फुटला की पहिली शोधाशोध तीच असते.

---

गोदाकाठ

@ओळंबा, ते आईनं कालच केलंय. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानामागे तिनं त्या मुलीसाठी लिहून ठेवलंय. तसंच इथे उतरवते:

"पाणी सकाळी साडेसहाला येते, आठपर्यंत जोर असतो. मुख्य कॉक संडासाच्या दारामागे, उजवीकडे फिरवला की बंद. बाल्कनीचे दार पावसाळ्यात फुगते, थोडे वर उचलून कडी लावावी. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत कबुतरे येतात, जाळी लावून घ्यावी. हॉलचा पंखा तीनवर ठेवावा, पाचवर आवाज करतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे नेहमी एक जादा किल्ली ठेवलेली आहे, तुम्हाला नको असेल तर परत मागून घ्या."